गच्चीवरचा बीम : तोंड कुठे, उंची किती?

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या आणि बिल्डिंगांच्या छपरांवर एके काळी एरियलची रानेच्या राने उगवली होती, आणि त्या सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, सिंहगडाकडे वळलेली असत. कारण १९७३ पासून दूरदर्शनचे कार्यक्रम पुणेकरांना मिळत होते ते गडावरच्या मनोऱ्यातून. रविवारचा सिनेमा सुरू व्हायच्या आत घरातला एक मुलगा छपरावर चढे, एक खिडकीत उभा राही आणि बाकीचे टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘नाही, मुंग्याच आहेत. अजून थोडं डावीकडे!’ असा संवाद घराघरांत चाले. एरियल हातभर फिरवला की चित्र स्वच्छ, आणि कावळा येऊन बसला की पुन्हा मुंग्या.

एका आडव्या दांडीवर ओळीने बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या काड्या म्हणजेच बीम अँटेना. केबल आली, डिश आली आणि छपरांवरची ही राने ओसरली. पण घरात बसून रेडिओवरून दूरच्या माणसांशी बोलण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांच्या गच्चीवर हीच रचना आजही दिसते. फरक इतकाच, की ती बरीच मोठी असते आणि ऐकण्याबरोबर बोलण्याचेही काम करते. या छंदात रेडिओ संच निवडणे त्या मानाने सोपे असते. पैसा, कष्ट आणि प्रसंगी जीवही पणाला लागतो तो अँटेना निवडताना आणि उभा करताना.

कंदील आणि बॅटरी

साधा उभा अँटेना कंदिलासारखा असतो. त्याचा उजेड चहूकडे सारखा पडतो. तोच दिवा बॅटरीत बसवून मागे चकाकती वाटी आणि पुढे भिंग लावले, की एकाच बाजूला झोत पडतो. दिवा तोच, सेलही तेवढेच, पण उजेड लांब जातो. बीम अँटेनाचे काम असेच चालते. केबल जोडलेली असते ती फक्त एका काडीला. तिच्यामागची काडी किंचित लांब असते, साधारण पाच टक्क्यांनी, ती रिफ्लेक्टर. पुढची काडी तेवढीच आखूड, ती डायरेक्टर. या दोघींना वायर जोडलेली नसते. मधल्या काडीतून निघालेल्या लहरींनी त्यांच्यातही प्रवाह उठतो आणि लांबी व अंतर नेमके असले की मागे जाणारी लहर पुसली जाते, पुढे जाणारी बळावते.

ही युक्ती जपानमधली. सेंदाई शहरातल्या तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ती मांडली. कामाचा बराच भार उदांनी उचलला, पण इंग्रजी लेख आणि पेटंट यागींच्या नावे गेले आणि जगाच्या तोंडी ‘यागी’ हेच नाव बसले. जपानी लष्कराने तर आपल्या घरच्या या शोधाकडे लक्षच दिले नव्हते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, तेव्हा जपान्यांच्या हाती एका इंग्रज रडार तंत्रज्ञाची हस्तलिखित टिपणे लागली. त्यांत ‘यागी’ हा शब्द पुनःपुन्हा येत होता आणि त्याचा अर्थ कुणालाच लागेना. शेवटी त्या कैद्यालाच विचारण्यात आले. ते तुमच्याच देशातल्या प्राध्यापकाचे नाव आहे, हे त्याच्याकडून ऐकताना विचारणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

शक्तीवर मर्यादा, अँटेनावर नाही

घरगुती रेडिओ केंद्रासाठी बीमची खरी चटक लागली ती अमेरिकेत. तिथे १९५८ मध्ये सामान्य नागरिकांसाठी २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा एक पट्टा मोकळा करण्यात आला, तो सिटिझन्स बँड किंवा सीबी. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल कुठे मिळते आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना कळवायला ट्रक ड्रायव्हरांनी सीबी हाती घेतला आणि बघता बघता तो घराघरांत शिरला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीदेखील ‘फर्स्ट मामा’ हे टोपणनाव घेतले होते. १९७७ पासून तिथे ४० चॅनेल आहेत. साध्या एएम बोलण्यासाठी शक्तीची मर्यादा मात्र ४ वॉट. म्हणजे घरातल्या रात्रीच्या दिव्याइतकी. अँटेना जमिनीपासून ६० फुटांपर्यंत किंवा ज्या इमारतीवर तो उभारला आहे तिच्या वर २० फुटांपर्यंत नेता येतो. शक्ती वाढवायला बंदी, पण आहे त्या शक्तीचा झोत करायला मुभा. साहजिकच लोक बीमकडे वळले.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा सीबीचा पट्टा भारतातही २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला. पण ती सूट आहे ५ वॉटपर्यंतच्या आणि अंगचाच अँटेना असलेल्या संचांपुरती. म्हणजे संच हातात धरून बोलायचे, गच्चीवर बीम लावायचा नाही. ज्याला बीमची हौस आहे त्याने केंद्र सरकारची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी, परवाना आणि स्वतःचे कॉलसाइन मिळवावे आणि हॅम व्हावे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. हॅम मंडळींचा २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा सीबीच्या अगदी शेजारचा. काड्यांच्या लांबीत वितीचा फरक पडतो, त्यामुळे एकासाठी सांगितलेले शहाणपण दुसऱ्यालाही लागू होते.

हा नुसता रिकामपणाचा उद्योग नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओची तुकडी छंदाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि अंदमान-निकोबारमधल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवण्याचे काम त्या हॅमच्या केंद्रावर येऊन पडले.

आधी विचारावे : बोलायचे कुणाशी?

बहुतेक जण सुरुवात करतात ती दुकानदाराच्या कॅटलॉगपासून. खरे तर सुरुवात करायला हवी नकाशापासून. तीस-चाळीस किलोमीटरच्या आतल्या मित्रमंडळींशी आणि त्यांच्या गाड्यांतल्या संचांशीच बोलायचे असेल, तर गाडीवरचा अँटेना उभा असतो हे विसरून चालणार नाही. आपल्या बीमच्या काड्या आडव्या आणि समोरच्याची उभी, असे झाले की मिळणाऱ्या संदेशाची ताकद शंभराव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकते. अशा वेळी बीमच्या काड्या उभ्या बसवाव्यात. तेही नको असेल, तर चहूकडे सारखा बोलणारा उभा अँटेनाच बरा. रोज पाच जण पाच दिशांनी बोलत असतील तर बीम फिरवता फिरवता गप्पा संपून जातील.

दूर देशीचे बोलणे ऐकायचे असेल तर हा हिशेब बदलतो. आकाशातल्या आयनांच्या थरावरून परतताना लहर पीळ खाऊन येते, त्यामुळे उभे-आडवे फारसे उरत नाही. तिथे आडवा बीम उत्तम.

दिशांच्या बाबतीतही मनातला नकाशा फसवतो. अमेरिका पश्चिमेला आहे असे आपण शाळेपासून म्हणत आलो. पण पृथ्वी गोल आहे आणि लहर जवळचा रस्ता धरते. मुंबईहून लंडन गाठायचे तर तोंड वायव्येला हवे. न्यूयॉर्कसाठी ते वायव्येपेक्षाही उत्तरेकडे सरकते, आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी तर चक्क उत्तरेच्या किंचित पूर्वेला. तिथे राहणाऱ्या लेकाशी बोलू पाहणाऱ्या बापाने बीम अरबी समुद्राकडे रोखला तर तो वाट बघतच बसेल. टोकियो ईशान्येच्या थोडे पूर्वेकडे, सिडनी आग्नेयेला. मराठी बोलणाऱ्यांची जुनी वस्ती असलेले मॉरिशस दक्षिणेकडून जरा पश्चिमेला. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून फार हलत नाही, तेव्हा साध्या होकायंत्रावर काम भागते. तीन काड्यांच्या बीमचा झोत साठ-पासष्ट अंश रुंद असतो. पाच-दहा अंश चुकले म्हणून काही बिघडत नाही.

तीन काड्या की पाच?

इथे मोहाची जागा येते. काड्या जितक्या जास्त तितका बीम भारी, असा सर्वसाधारण समज. नुसत्या एका आडव्या काडीच्या, म्हणजे डायपोलच्या तुलनेत चांगला दोन काड्यांचा बीम झोताच्या दिशेने साधारण अडीच पट शक्ती टाकतो, तीन काड्यांचा साडेतीन पटीच्या आसपास, चार काड्यांचा साडेचार पट. रेडिओच्या काट्यावर एक घर पुढे सरकायला चौपट शक्ती लागते. म्हणजे साध्या तारेवरून तीन काड्यांच्या बीमवर आले की काटा जेमतेम एक घर सरकतो, आणि तिनावरून चारावर गेले तर समोरच्याच्या कानाला फरक कळणारही नाही. आडवी दांडी मात्र, जिला बूम म्हणतात ती, साडेतीन-चार मीटरवरून पाच-सहा मीटरवर जाते. वजन वाढते, वारा जास्त धरला जातो, फिरवणारी मोटार मोठी लागते.

बीमचा खरा फायदा काट्यावर दिसतो त्याहून जास्त कानाला जाणवतो. बोलताना जो झोत, तोच ऐकतानाही. चांगल्या तीन काड्यांच्या बीमला मागून येणारा आवाज पुढून येणाऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच पोचतो. पाठीमागच्या बाजारातल्या मोटारींची, वेल्डिंगची, एलईडी दिव्यांची खरखर बरीच बुजते. शहरात राहणाऱ्यासाठी एवढ्या एका कारणासाठीही बीम घ्यावा.

कॅटलॉगातले आकडे वाचताना एक प्रश्न हमखास विचारावा: हा वाढाव्याचा आकडा कशाच्या तुलनेत? खऱ्या डायपोलच्या तुलनेत धरला तर एक आकडा येतो, चहूकडे सारखा पसरणाऱ्या कागदावरच्या अँटेनाशी ताडला तर त्याहून दोन डेसिबलने मोठा, आणि जमिनीवरून उसळणाऱ्या लहरीची भर त्यात धरली तर आणखी पाच-सहाने मोठा. वस्तू तीच, नुसती मोजपट्टी बदलली. दुकानदार गोंधळला तर समजावे, की आकडा छापणाऱ्यालाही तो माहीत नसावा.

जागेचे गणित

या पट्ट्यात लहरीची लांबी ११ मीटरच्या आत-बाहेर असते आणि काडीची लांबी तिच्या निम्म्याहून थोडी कमी, म्हणजे पाच ते सव्वापाच मीटर. साडेसतरा फुटांपर्यंतची ही काडी सगळीकडून मोकळी फिरली पाहिजे. पाण्याची टाकी, शेजारच्या बिल्डिंगची भिंत, डिशची छत्री, कपडे वाळत घालायच्या तारा हे सगळे मोजून बघावे. अनेक गच्च्यांवर ते जमत नाही.

त्यावर दोन उपाय आहेत. एक ‘क्वाड’. याची जन्मकथा इक्वेडोरची राजधानी कीतो इथली. समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरहून उंचावर असलेल्या या शहरात एका मिशनरी रेडिओ केंद्राच्या बीमच्या टोकांना विरळ हवेत ठिणग्या उडत आणि ॲल्युमिनियम वितळून जाई. क्लॅरेन्स मूर या तिथल्या इंजिनिअरने १९४२ च्या सुमारास विचार केला, की टोकच नसेल तर ठिणगी कुठून उडेल? त्याने काडीऐवजी तारेचा चौकोन केला. २८ मेगाहर्ट्‌झसाठी या चौकोनाची एक बाजू पावणेतीन मीटरच्या आसपास येते. असे दोन चौकोन एकामागे एक लावले की तीन काड्यांच्या बीमच्या जवळपासचे काम होते. बांबू आणि तांब्याची तार यांतही तो बांधता येतो, म्हणून आपल्याकडच्या खटपट्या मंडळींना तो फार आवडतो. पण बांबू पावसाळ्यात कुजतो, आणि वाऱ्यात हा सांगाडा पतंगासारखा फडफडतो, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरा उपाय मॉक्सन आयत. लेस मॉक्सन या इंग्रज हॅमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत दोन काड्यांची टोके एकमेकींकडे वाकवलेली असतात. २८ मेगाहर्ट्‌झसाठी तो सुमारे ३.८ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल होतो. पुढचा झोत दोन काड्यांच्या बीमइतका, पण मागचा आवाज तोडण्यात त्याच्याहून सरस. सोसायटीच्या अर्ध्या गच्चीत बसेल आणि दोन माणसांना उचलता येईल असा अँटेना हवा असेल, तर मॉक्सनचा विचार सर्वांत आधी करावा.

उंचीबद्दल मात्र तडजोड करू नये. जमिनीपासून अर्ध्या लहरीवर, म्हणजे साडेपाच मीटरवर बसवलेल्या आडव्या बीमचा झोत तीस अंशांनी आकाशात चढतो. एका लहरीवर, अकरा मीटरवर नेला की तो चौदा अंशांवर येतो. जितका झोत क्षितिजाजवळ, तितकी आकाशातली उडी लांब. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीला ही उंची आयतीच मिळते. अशा घरात छोटा बीमही बंगल्याच्या अंगणातल्या मोठ्या बीमला भारी पडू शकतो.

मग येते केबल, जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. गच्चीपासून खोलीपर्यंत तीस मीटर केबल लागली आणि ती बारीक, आरजी-५८ जातीची असली, तर निघालेल्या शक्तीपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त तिच्यातच उष्णता होऊन जाते. जाड आरजी-२१३ मध्ये हीच घट पाव हिश्श्याच्या आसपास राहते. चौथी काडी घेऊन कमावलेले सगळे, आणि वर थोडे, स्वस्त केबल खाऊन टाकते.

वारा

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ढकल चौपट. इमारतींच्या बांधकामासाठी असलेल्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पुण्यासाठी ३९, कोलकाता आणि चेन्नईसाठी ५०. मुंबईच्या आकड्याला एका चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोंची ढकल बसते. तीन काड्यांचा बीम वाऱ्याला एक तृतीयांश चौरस मीटरच दाखवतो असे धरले, तरी ती चाळीस किलोंच्या घरात जाते, आणि मास्टच्या वरच्या टोकाला बसलेली ही ढकल बुडाशी तरफेसारखी काम करते. जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ ज्यांनी कोकणात पाहिले, त्यांना हे आकडे समजावून सांगायला नकोत.

म्हणून मास्ट पाण्याच्या टाकीच्या पाइपला किंवा कठड्याच्या नळीला तारेने बांधणे हा शुद्ध वेडेपणा. तो काँक्रीटमध्ये खोल बसवलेल्या बोल्टांवर उभा करावा आणि तीन-चार बाजूंनी ताण द्यावेत. समुद्राजवळच्या गावी साधे नट-बोल्ट वर्षा-दोन वर्षांत गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलच वापरावे. फिरवणारा रोटेटर टीव्हीच्या हलक्या एरियलसाठी बनवलेला नसावा. वादळात काडीला झोका बसला की त्याचे दाते तुटतात आणि बीम वारा नेईल तिकडे गरगरू लागतो. सुरुवातीला रोटेटर नसला तरी चालेल. मास्टला आडवा दांडा आणि दोरी लावून हाताने फिरवणारे अनेक जण आहेत. पत्नी चहा घेऊन गच्चीवर आली तर तिलाही दोरी ओढायला लावतात, अशी कुरबूरही कानी येते.

सगळ्यांत मोठा धोका विजेच्या तारांचा. बीम उभा करताना तो हातातून सुटून उलटला तर कुठवर पोचेल, हे आधी दोरी लावून मोजावे आणि मास्ट व बीम मिळून जी लांबी होईल तिच्या दीडपट अंतराच्या आत उघडी तार असेल, तर ती जागा सोडून द्यावी. ॲल्युमिनियमची नळी धरलेल्या माणसाला ११ हजार व्होल्टची तार सुधारायची संधी देत नाही. एकट्याने काम करू नये, आणि पावसात किंवा वाऱ्यात तर मुळीच नाही. मास्टला जाड तारेने अर्थिंग हवे. वीज चमकू लागली की केबल संचापासून काढून खिडकीबाहेर टाकावी.

सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. सेक्रेटरींच्या समोर परवान्याची प्रत, मास्टचा आराखडा आणि बोल्ट कुठे बसणार याचा कागद ठेवला की निम्म्या शंका मिटतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पडेल ही तक्रार रास्त असते, तेव्हा ते पुन्हा करून देण्याचे आधीच कबूल करावे. विमानतळ जवळ असेल तर उंचीची चौकशी वेगळी करावी. बीम उभा राहिला आणि समोरच्या घरातल्या स्पीकरमधून बोलणे ऐकू येऊ लागले, तर वाद न घालता रात्री बोलणे थांबवावे आणि फिल्टर बसवून घ्यावा. शेजारी दुरावला तर पुढच्या सभेत बीम उतरवण्याचा ठराव यायला वेळ लागत नाही.

हाती ठराविकच रक्कम असेल तर ती आधी मास्ट आणि बोल्ट, मग केबल, मग बीम आणि शेवटी रोटेटर या क्रमाने खर्च करावी. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

सूर्यावरच्या डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे. २०२४ च्या सुमारास ते शिखरावर होते, तेव्हा या पट्ट्यात पाच-दहा वॉटवर खंड ओलांडता येत होते. चक्र उतरले की हाच पट्टा दिवसेंदिवस मुका राहतो. अशा दिवसांत बीम मोडला असे समजून गच्चीवर धावत जाऊ नये. आधी एसडब्ल्यूआर मीटर बघावा. काटा दीडच्या आत असेल तर परत येणारी शक्ती चार टक्क्यांहून जास्त नसते आणि बीम ठीक आहे. तो तीनच्या वर चढलेला दिसला तर मात्र जोडांत पाणी शिरले असणार. पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या आसपास, एकदा वर जाऊन जोड उघडून पुसावेत, टेप नवी गुंडाळावी, ताण ओढून बघावेत. कावळ्यांनी बूमवर घरटे केले असेल तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे.